वारं येतं की वारं जातं

८ जानेवारी १९५९, गुरुवार

आता पाय गेला. डावा. सकाळी चपलेत घातला, तर आत चप्पल आहे का नाही तेच कळेना. शाळेत पोचले तेव्हा पायात चप्पलच नव्हती — रस्त्यात कुठंतरी राहिली. पोरी हसल्या. मी पण हसले. दुसरं काय करू!

ही तिसरी खेप. श्रावणात डावा डोळा पंधरा दिवस धुरकट. दिवाळीनंतर बोटांना मुंग्या, खडू धरता येईना. दोन्ही वेळेस आपोआप बरं झालं, आणि बरं झालं की सगळ्यांचं एकच — बघ, काही नव्हतंच. काही नव्हतंच! मग पंधरा दिवस मी काय तमाशा करत होते?

हैदराबादेहून अप्पांचं पत्र. मन कामात गुंतव म्हणे, असले विचार करू नकोस. अप्पा, पाय विचारानं चालतो का?

३१ तारखेच्या आत परभणीच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायचंय, निरोगी असल्याचं. दिलं तर नोकरी पक्की. नाही दिलं तर हैदराबादला वापस, आणि अप्पांनी माझ्या लग्नासाठी हेरून ठेवलेला तो तारमास्तर. मला सेलू सोडायचं नाही. आठवीच्या पोरी आता माझ्याशी इंग्रजीत भांडायल्यात. एवढं झाल्यावर कोण जातं सोडून!

११ जानेवारी, रविवार

निसर्गोपचार सुरू. पुस्तक इंग्रजी आहे, कॉन्व्हेंटात होते तेव्हाचं. पहिल्याच पानावर लिहिलंय — शरीर सगळं एक आहे, एकट्या पायाचा इलाज करू नका. किती बरोबर! दवाखान्यात कुणाला हे सुचत नाही.

दोन घमेली काळी माती रात्रभर भिजवली. सकाळी पायाला, पोटाला, कपाळाला थापून उन्हात पडले. नर्मदाआत्या अंगणात येऊन बघून गेली. पोळ्याचे बैल करायलीस का गं, म्हणाली.

हिनं हसावं! आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, हिच्याच घरी मी राहते. हिच्या अंगात रेणुकेचं वारं येतं. मंगळवारी बाया येतात, ही पाटावर बसून घुमते, कुणाला काय काय सांगते. आणि माझी माती वेडेपणा!

दुपारी वाफ घेतली. वेताच्या खुर्चीखाली उकळतं पातेलं, गळ्यापर्यंत गोधडी, वीस मिनिटं. उठले तर दोन्ही पाय नाहीत. पातेल्यावरच जायची, आत्याच्या यजमानांनी — काशीनाथकाकांनी — धरलं म्हणून वाचले. पुस्तकात पाहिलं. रोग निघून जायच्या आधी वाढतो, असं लिहिलंय. म्हणजे वाढला तरी पुस्तक खरं, कमी झाला तरी पुस्तक खरं. असं पुस्तक परीक्षेला का नव्हतं मला!

तरी करणार.

१३ जानेवारी

कच्चं खाणं, तिसरा दिवस. गाजर, मुळा, बोरं, भिजवलेले हरभरे. काकांनी आत्याला विचारलं, हिला ताट वाढायचं का दावणीला बांधायचं. उद्या संक्रांत. तिळगूळ पुस्तकात बसत नाही. खाणार.

१८ जानेवारी, रविवार

काकांनी चारठाण्याला नेलं, बन्सीधर वैद्यांकडे. मोटारीत दोन तास धूळ. मी भांडायच्या तयारीनं गेले होते.

त्यांनी तासभर विचारलं. झोप किती, भूक कधी, स्वप्नं कसली, पाळी कशी — काकांना आधी बाहेर बसवलं. नाडी दोन्ही हातांची. जीभ, नखं. राग कुठं येतो, पोटात का डोक्यात? मी म्हणलं, सगळीकडं. हसले नाहीत. मान हलवली, जसं काही ते पण एक लक्षणच.

मग म्हणाले, "पोरी, हे वारं हाय. अंगातलं वारं वाट सोडून फिरायलंय."

तेल दिलं, काढा दिला. काढा दुपारी जेवण झालं की लगेच, कोमट, एक दिवस चुकवायचा नाही. बरं होईल का, मी विचारलं.

"ते म्या सांगत न्हाई. पण तू खोटं बोलत न्हाईस, एवढं नाडी सांगती."

परतीच्या मोटारीत रडले. काकांना सांगितलं डोळ्यात धूळ गेली.

१९ जानेवारी, सोमवार

आजाराला नाव असलं की किती बरं वाटतं! आज लंगडत गेले ते पण ताठ मानेनं. शाळेत पाणी भरणाऱ्या बायनाबाईनं विचारलं, बाई का लंगडायलाव. मी झोकात सांगितलं — मला वारं येतं, बायनाबाई. चारठाण्याच्या वैद्यांनीच सांगितलं.

तिनं घागर खाली ठेवली. पदर सावरला, वाकून पाया पडली. "कवापासून, आई?"

मला बाविसावं सरलं नाही आणि ही पन्नाशीची बाई मला आई म्हणते. किती माया, मला वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

माया!!

संध्याकाळी दारात सात बाया. नारळ, कुंकू, ओटी. आत्याकडं नाही — माझ्याकडं. एकीची म्हैस हरवलेली. कोणच्या दिशेला गेली, आई? मी म्हणलं, मला काय माहीत, ठाण्याला जा. तिनं हात जोडले. "चारठाण्याला व्हय, आई?" आणि मी पोलीस म्हणेपर्यंत गेलीसुद्धा!

सगळ्या गेल्यावर आत्यानं समजावलं. अगं, वारं *जातं* म्हणायचं. अंगावरून वारं गेलं म्हणजे हातपाय गेले, आजार. वारं *येतं* म्हणजे देव येतो. तू सगळ्या शाळेला देव आला म्हणून सांगितलंस.

इंग्रजी क्रियापदांसाठी मला दोन वर्षं बक्षीस आहे. दोन वर्षं! आणि घरच्या भाषेतलं येणं-जाणं कळत नाही. उद्या सगळ्यांना सांगते, चूक झाली.

आत्या म्हणाली, "कशाला? म्हणलीस ते म्हणलीस. राहू दे तसंच."

मग माझं डोकं फिरलं. म्हणलं, तुझ्यासारखं सोंग मला जमत नाही. मी खरी आजारी आहे.

ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मला अजून बोलायचं होतं.

२४ जानेवारी, शनिवार

म्हैस सापडली. चारठाण्याच्या रस्त्याला. आता मी कुणाला काय सांगू!

हेडमास्तर माणिकराव सरांनी बोलावून घेतलं. आवाज एकदम बारीक. कानावर आलंय म्हणे. देवाधर्माचं असेल तर आमचं काही म्हणणं नाही, पण तबियतीचं काही असेल तर बघा — पोरींसमोर पडलात बिडलात तर वर जबाब मला द्यावा लागतो. आणि सर्टिफिकेट पुढच्या शनिवारपर्यंत, कावेरीबाई. त्या जागेसाठी दोन अर्ज पडलेत.

म्हणजे देव चालतो. पाय चालत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

परभणी. सकाळच्या गाडीनं गेले. थंडी लय. आणि आज पाय कसा? शहाण्या मुलासारखा! जिना चढला, नाल्यावरची फळी ओलांडली. महिनाभरात एवढा चालला नव्हता. चिडून मी तो फाटकावर आपटला, तर दुखलं पण. दुखावं तेव्हा दुखत नाही, नको तेव्हा दुखतं!

पर्समध्ये कागद होता. श्रावणापासूनच्या सगळ्या तारखा — डोळा, बोटं, पाय, वाफ. रविवारी बसून लिहिला होता. डॉक्टरनं गुडघ्याला हातोडी मारली, टाचणी टोचली, डोळे मिटून चालायला लावलं. सगळं ठीक. मग पेन उघडलं आणि विचारलं, काही तक्रार?

कागद दिला तर नोकरी जाते. नाही दिला तर मला काही झालेलंच नाही — दस्तखत करून, शिक्का मारून.

मी म्हणलं, "काही नाही."

माझ्या तोंडानं. सहा महिने जे ऐकून माझ्या अंगाची आग होते, तेच दोन शब्द. अप्पांना, काकांना, सगळ्यांना ज्या गोष्टीसाठी शिव्या दिल्या, ती मी स्वतः केली. एका क्षणात केली. डॉक्टरनं 'ठणठणीत' म्हणून दस्तखत केलं. मी आभार मानले!

गाडीत तो तारखांचा कागद फाडून खिडकीतून टाकला. वारं सुटलेलं. अर्धे तुकडे माझ्याच अंगावर परत.

२९ जानेवारी

सर्टिफिकेट दिलं. पाय बराच. जळो.

११ फेब्रुवारी, बुधवार

पडून लिहितेय, अक्षर वाईट येईल. येऊ दे.

दुपारचा तास. वर पत्रे, ऊन कडक, वर्गात नुसती भट्टी. फळ्यावर लिहीत होते. ओळ अर्ध्यात होती आणि डावी बाजू सगळी कुणी तरी बंद केल्यासारखी. खाली. खडूच्या डब्यासकट. शुद्धीत होते — तेच तर! सगळं ऐकू यायलं, नुसता पाय आणि हात माझे नव्हते. अंबिका, माझी पहिल्या बाकावरची, ओरडत पळाली. माणिकराव सर आले. शेजारच्या वर्गातले मास्तर आले.

सरांनी बघितलं. लय वेळ बघितलं. मग म्हणाले, "कावेरीबाई, हे तुम्ही डॉक्टरपासून लपवलं. मला वर कळवावं लागेल."

खरंच होतं.

तेवढ्यात नर्मदाआत्या. काढा घेऊन आली होती, रोज याच वेळेला आणते. तांब्या दारात ठेवला, तरातरा आत आली, माझा अंबाडा सोडला, खाली सांडलेली खडूची भुकटी उचलून माझ्या कपाळाला फासली. आणि असल्या आवाजात बोलली की पोरी भिंतीला चिकटल्या:

"दूर व्हा. आईचं वारं आलंय. कुणी शिवू नका."

बायनाबाई जागच्या जागी लोटांगण. पोरींनी हात जोडले. आणि माणिकराव सर, बी. ए. झालेले माणिकराव सर, त्यांनी चपला काढल्या.

मी सांगायला पाहिजे होतं. तोंड चालत होतं माझं, पायच गेला होता. सांगायला पाहिजे होतं — हे देव नाही, हा आजार आहे, मला दवाखान्यात न्या. मी डोळे मिटून घेतले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हुकूम आला. नोकरी पक्की. सरांनी दोन्ही हातांनी कागद दिला, देवाला देतात तसा. वर काही कळवलं नाही. वर्गात खुर्ची ठेवलीय, बसून शिकवा म्हणाले.

सगळं मिळालं आणि मला शाळेला आग लावावी वाटते. आजारी बाई म्हणून मला एक खुर्ची मिळाली नसती. ज्या पोरींना मी 'व्हाय?' विचारायला शिकवलं, त्या आज 'मे आय कम इन' न विचारता उंबऱ्यावर डोकं टेकवून आत आल्या. वर्गात एकीनं चूक केली म्हणून रागावले तर थरथर कापली — माझ्या रागाला नाही, शापाला!

आत्याशी बोलत नाही. तिनं वाढलेलं जेवत नाही. काका मधल्या मधे ताट इकडून तिकडं नेतात. तिनं मला वाचवलं म्हणतात ते. मला कुणी वाचवलं नाही. तिनं मला तिच्या पाटावर बसवलं. आता हिच्यासारखी म्हातारी होईपर्यंत मी पण घुमायचं, म्हशी शोधायच्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज आत्या पाटावर बसली नाही. बायांना दारातूनच परत लावलं. वैद्यांचं तेल घेऊन आली आणि न विचारता माझ्या पायाला चोळत बसली. शेवटी मीच बोलले. एवढी घुमतेस, तर तुझी देवी माझ्या पायाचं का सांगत नाही?

"मला देवी कदीच आली न्हाई, कावेरी. पाय जायचा. बावीस वर्षं झाली. आडावर पडले, तवा सासूनं ह्यांच्यासाठी दुसरी बघून ठेवली होती. शेजारीण म्हणली वारं हाय. म्या न्हाई म्हणलं न्हाई."

चोळायचं थांबली नाही.

मी विचारलं, कोणता पाय?

"डावा. मग हात." मग तेलाची वाटी चाचपून शोधली. "औंदा डोळे."