नवव्या प्रकरणातले हात

हिंगोली
१६ फेब्रुवारी

प्रिय मिराबाई,

हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी आधी तुझ्या नातीच्या हातात पडणार, म्हणून पहिल्यांदा तिलाच सांगते. प्रतिक्षा बेटा, आजीला जवळ बसव, पंखा बंद कर आणि मोठ्यानं, सावकाश वाच. तुमच्याकडं हळद काढायची गडबड असेल, माहीत आहे मला. पण एक अर्धा तास काढ. आजी मधेच उठायला लागली तर म्हण, सिस्टरनं बस म्हणून सांगितलंय. माझं ऐकायची तिला जुनी सवय आहे, आणि त्या सवयीचाच मी किती फायदा घेतला ते पुढं येईलच.

मिराबाई, मागच्या वर्षी मी रिटायर झाले आणि घरात बसून डोकं फिरायची पाळी आली. मग एकतीस वर्षांच्या नौकरीत पाहिलेली बाळंतपणं लिहायला घेतली. वाडीतली, शिरड शहापूरची, जिथं जिथं बदली झाली तिथली. दोन वह्या भरल्या. आमच्या अद्वैतनं पुण्याहून येऊन त्या वाचल्या आणि म्हणाला, आई, एखादा संपादक लाव. असा संताप आला म्हणून सांगू! जन्मभर मी लोकांच्या चुका काढल्या, आता पदरचे पैसे देऊन स्वतःच्या काढून घेऊ? पण पोरगं हट्टी, माझंच आहे. त्यानं नांदेडच्या रेवतीचा नंबर दिला. संपादक म्हणजे काय ते तुला कसं सांगू? लिहायचं आपणच, कळा आपल्याच. ती शेजारी बसते, कुठं अडलंय ते ओळखते, आणि लागेल तेवढाच हात लावते. तुझ्यासारखी, पुस्तकाची दाईच म्हण ना.

मला वाटलं होतं, लाल पेनानं वही रंगवून पाठवेल. एकही लाल रेघ नव्हती. कडेला पेन्सिलीनं नुसते प्रश्न. ‘खोलीत वास कसला होता?’ ‘तिला तहान लागली होती का?’ मी लिहायची ते आपल्या मासिक अहवालासारखं, ‘सदर महिलेस दाखल करण्यात आले’ असं. तिनं फोन करून इतकंच विचारलं की ताई, सदर महिलेला काही नाव होतं का. मी फोनवरच हसत सुटले. मग म्हटलं, बाई, तू शिकलेली आहेस, तूच चांगल्या भाषेत लिहून टाक की. तर म्हणाली, माझं एकही वाक्य तुमच्या पुस्तकात येणार नाही, नाहीतर त्यात तुम्ही उरणार नाही. जवळा बाजारला कापसाच्या गाडीत बाळंत झालेली ती बाई आठवते ना? ते प्रकरण तिनं माझ्याकडून चारदा लिहून घेतलं. चौथ्यांदा वाचताना माझ्याच डोळ्याला पाणी आलं. एकतीस वर्षांत किती साहेब पाहिले मी, पण आपलं काम इतकं बराबर जाणणारं माणूस विरळाच. पोरीचं वय पस्तीस असेल नसेल. मी तर तिच्या प्रेमातच पडले.

आणि मग नववं प्रकरण आलं. साधनाचं.

उत्तमरावांची सून साधना अडली ती दुपार. माझ्या नौकरीचं दुसरं वर्ष. मी काय लिहिलं होतं ते ऐक. ‘बाळाचा खांदा अडकला. परिस्थिती गंभीर होती. मी प्रसंगावधान राखून योग्य ती कार्यवाही केली व माता आणि बालक दोघांची सुखरूप सुटका केली.’ त्याच्या पुढं, मला त्याबद्दल जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, सत्कार झाला, साडी मिळाली, हे मात्र दोन पानं. रेवतीचा त्या दिवशी फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत. म्हणाली, “ताई, बाकी सगळ्या प्रकरणांत मला तुमचे हात दिसतात. नाळ कशी धरली, पाठ कशी चोळली, सगळं. या एकात दिसत नाहीत. तेव्हा तुमचे हात कुठं होते?”

मी फोन ठेवून दिला. आठ दिवस तिचा फोन घेतला नाही. अद्वैतला म्हटलं, ही बाई आगाऊ आहे, दुसरा माणूस बघ. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, मिराबाई. ती कधी वाडीला आलेली नाही, तुझं नावही तिनं ऐकलेलं नव्हतं. नुसतं लिहिलेलं वाचून तिनं खोटं ओळखलं. रागानं मी आधी पाय आपटले, आणि मग नवव्या दिवशी वही घेऊन बसले.

माझे हात माझ्याच तोंडावर होते. बाळाचं डोकं बाहेर आलेलं, खांदा आत अडकलेला, तोंड काळंनिळं पडत चाललेलं. बाईला उताणं ठेवायचं एवढंच मला शिकवलेलं, ते करून झालं, ओढून झालं, आणि मग मी भिंतीला टेकून उभी राहिले. तू उंबऱ्याबाहेर होतीस, कारण ‘तुझं ट्रेनिंग झालेलं नाही’ म्हणून मीच तुला बाहेर बसवलं होतं. तू न विचारता आत आलीस. म्हणालीस, “शिस्टर, तिला हातापायावर घ्या, लेकरू रांगतं तशी.” मी जागची हलले नाही. मग तूच साधनाला काखेत हात घालून फिरवलंस, ओणवं केलंस, आणि क्षणभरात खांदा सुटला. पोरगी बाहेर आली, रडली. जीपमधून डॉक्टर आले आणि विचारलं, कोणी केलं हे? मी म्हणाले, मी. तू बाहेर कापडं धूत होतीस. तुला ऐकू गेलं होतं. पुढं पंधरा वर्षांनी एका प्रशिक्षणात तीच रीत चित्रं काढून शिकवली, तेव्हा मी खाली मान घालून टिपून घेतली.

हे सगळं लिहून पाठवलं. वाटलं, सुटले. वही परत आली तर शेवटी पेन्सिलीनं तीनच शब्द. ‘आणि मग मिराबाई?’

आता हे प्रतिक्षानं वाचायचं म्हणजे मला लाज वाटते, पण वाचू दे. पुरस्कार मिळाल्यावर मला तुझी भीती वाटायला लागली. तू काही बोलली नव्हतीस, पण उद्या बोललीस तर? म्हणून मी घरोघर जाऊन सांगितलं की मिराबाईला बोलावलंत तर मी येणार नाही. लोकांना सांगितलं, बिनट्रेनिंगच्या दाईला बोलवायचं नाही असा नियम आहे. नियम होताही. पण मी तो नियमासाठी पाळला नाही. दोन वर्षांत तुला कुणी बोलवेनासं झालं आणि जिच्या हातावर अर्धी वाडी जन्मली ती तू निंदणीला जायला लागलीस. तरी मी वाटेनं दिसले की चहा घेऊन जा म्हणायचीस. मी तुला तू म्हणायची आणि तू वयानं एवढी मोठी असून मला तुमी. रेवती यावर मला रागावली नाही आणि माझी समजूतही काढली नाही. एवढंच म्हणाली की आता प्रकरण खरं झालं, पण अर्धंच आहे, आणि दुसरं अर्धं तुमच्याजवळ नाही.

तुझ्याकडं यायची छाती होईना म्हणून मागच्या मंगळवारी आधी साधनाकडं गेले. तिचीही परवानगी हवीच होती. चाचरत चाचरत सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “मी काय बेसुद होते व्हय, शिस्टर? मला कुणी फिरवलं ते मला ठाऊक न्हाई?” मी विचारलं, मग बोलली काहून नाहीस इतकी वर्षं? तर म्हणाली, “मिराबाईनं समद्या बायांना शपथ घातली व्हती. शिस्टरची नौकरी नवी हाय म्हणली, एकटी पोर हाय, कुणी बोलायचं न्हाई.”

बदल्या झाल्या तरी तीस वर्षं मी वाडीत ताठ मानेनं ये-जा केली, आणि प्रत्येक घरातली बाई मला पाण्याचा तांब्या देताना जाणून होती. मी तुझं काम काढून घेतलं तेव्हाही तू ती शपथ सोडली नाहीस. कशाची बनलीस गं तू? मी थोरामोठ्यांचे सत्कार पाहिले, भाषणं ऐकली, पण तुझ्याएवढं मोठं माणूस मला भेटलेलं नाही, आणि मी तुला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती मागायचं तोंड मला नाही. पुस्तक छपाईला जायचं थांबवलंय. नववं प्रकरण मी लिहू शकत नाही, कारण त्या दुपारी तुझ्या हाताला काय लागलं, कसं कळलं तुला, कोणाकडून शिकलीस, हे फक्त तुझ्याजवळ आहे. ते तुझ्या नावानं, तुझ्या बोलीत छापायचं. तू म्हणशील तर गुरुवारी मी कोरी वही घेऊन येईन. तू न्हाई म्हणालीस तर हे पुस्तक निघणार नाही, आणि त्याचं मी वाईट वाटून घेणार नाही. व्हय म्हणालीस तर प्रतिक्षाला फोन करायला सांग. मी खाली बसेन, तू बोल. बायांनी बोलवायचं बंद केलं तेव्हा तुला काय वाटलं तेही बोल, मला शिव्या द्याव्याशा वाटल्या असतील तर त्याही दे. तू सांगशील तशाच त्या मी माझ्या हातानं लिहीन.

तुझीच,
कालिंदी सिस्टर