पायाळूचा डावा पाय

१२ मार्च २०१९, मंगळवार
बसलं तर कंबर, उभं राहिलं तर डावा पाय, आडवं पडलं तर दोन्ही. माणसानं नेमकं करायचं काय ते तरी कोणी सांगावं. दोन ब्लाउजांना बाह्या लावायच्या होत्या, त्यात दुपार गेली. सारखी मशीनवरून उठतेय. कळ ढुंगणातून निघते, मांडीमागून पोटरीत उतरते आणि करंगळीपाशी जाऊन बसते. पूजा म्हणाली, मम्मी, भिंतीला टेकून शिव ना. कसं शिवायचं ते दाखव म्हटलं, तर मोबाईल घेऊन आत गेली.
आज नळ आला. ड्रम भरले. हे वाळूजला कंपनीत फर्स्ट शिफ्टला, पोरगी क्लासला, सासूबाईंना बादली उचलवत नाही. मी नाही भरायचे तर कोणी?

१५ मार्च, शुक्रवार
हाडांचे डॉक्टर. एक्स-रे उजेडात धरून बघितला, माझ्याकडे नाही बघितलं. "काही नाही. वजन कमी करा, हंडे-बादल्या उचलू नका." म्हटलं, डॉक्टर, मग पाणी कोण भरणार तेही लिहून द्या की चिठ्ठीवर. हसले नाहीत. गोळ्या, कंबरेचा पट्टा. पायाचं सांगायला तोंड उघडलं तोवर बाहेर पुढचं नाव पुकारलं होतं.
पट्टा बांधून बसले तर श्वास कोंडतो. काढून फेकला. मग उचलून पुन्हा बांधला.

१७ मार्च, रविवार
सकाळीच दारात शेजारचे रिक्षावाले शेखभाई, वाकडे होऊन. पाठीत उसण भरलेली. "भाभी, बस एक बार पैर लगा दो."
मी पायाळू. आईला माझे आधी पाय दिसले, डोकं नंतर. तेव्हापासून मी गावाची झाले. कोणाला उसण भरली की येऊन पालथं पडायचं, मी पाठीवर डावा पाय फिरवायचा आणि शेवटी एक हलकी लाथ. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले की गुण जातो. लहानपणी मजा वाटायची, मोठमोठ्या बाप्यांना लाथा घालायला मिळायच्या. लग्न करून इथं हर्सूलला आले तर मला वाटलं शहरात सुटेन. सासूबाईंनी हळद उतरायच्या आत गल्लीभर सांगितलं.
आज उजव्या पायावर उभी राहून डावा उचलला, तर तो नुसता थरथरतोय. तरी शेखभाई उठले, कंबर इकडून तिकडून वळवून बघितली, "एकदम फर्स्ट क्लास" म्हणत गेले. मी चौकट धरून उभी.
सासूबाईंना म्हटलं, माझ्या पाठीचं काय मग? म्हणाल्या, "सोताचा पाय सोताच्या पाठीला कसा लागंल गं सुमन?"
त्यांना खरंच वाईट वाटलेलं. पण मला राग आला तो आलाच.

२८ मार्च, गुरुवार
डावा पाय. आता रोजच लिहायचं तर नुसतं डा.पा. लिहीन.
डा.पा.ची चप्पल निसटते आणि मला पत्ता नसतो. आज किराणा दुकानापासून घरापर्यंत एका चपलेनं आले. दारात पूजानं विचारलं तेव्हा खाली बघितलं. ऊन एवढं, रस्ता तापलेला, आणि मला काही नाही.
मशीनचं पायडल नीट दाबलं जात नाही. टाके मोठे पडतात. एका बाईचं ब्लाउज उसवून पुन्हा शिवलं.

६ एप्रिल, पाडवा
भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पुरणपोळीला आले. हे दोघं भाऊ लहानपणी मेंढरांमागं फिरलेले, आता भाऊजींचं प्लॉटिंगवाल्यांत उठणं-बसणं. सावंगीच्या बाजूला प्लॉट घेतलाय. तिकडं काल शेत होतं तिथं आज चुन्याच्या रेघा. घर बांधायच्या आधी बोअर मारायचाय, आणि शेजारच्या सगळ्यांचे कोरडे गेलेत.
"वहिनी, तुमी येकदा आनवाणी फिरा ना प्लॉटवर. तुमच्या पायाला कळंल."
पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. मला नळाचं कधी येणार ते आजवर कळलेलं नाही. तसं म्हटलं तर सगळे हसले, पण भाऊजींनी दिवस ठरवूनच टाकला.

११ एप्रिल, गुरुवार
दुसरे डॉक्टर. मोठा दवाखाना, एसी. हे सोबत होते, म्हणून डॉक्टर सगळं ह्यांच्याशीच बोलले. "मिसेस टेन्शन घेतात का?" "घेती थोडं." "झोप?" "लागत नाय तिला." "या वयात बायकांचं असं होतं." मी मधल्या खुर्चीत. म्हटलं, अहो, पाय बधिर झालाय. ते ह्यांच्याकडे बघून हसले. झोपेच्या गोळ्या दिल्या.
रिक्षात मी बाहेरच बघत होते. हे म्हणाले, "आता मी काय खोटं बोललो का?" खोटं नाही बोललात. पण माझ्या बाजूनं एक शब्द तरी…

२१ एप्रिल, रविवार
प्लॉटवर नेलं. सकाळचं ऊन, पण जमीन आत्ताच भाजतेय. ढेकळं, काटे. सगळे कडेला उभे आणि मी एकटी आतून फिरतेय. वडलांच्या कळपातली लंगडी मेंढी आठवली, ती अशीच मागं राहायची.
पूर्वेच्या कोपऱ्यात डा.पा.मधून एकदम मुंग्यांचा लोंढा आला, गुडघा वाकला आणि मी बसलेच. सगळे धावले. काय झालं? "पायाला मुंग्या आल्या." एवढंच म्हणाले, देवाशपथ. भाऊजींनी लगेच तिथं दगड मांडला. सासूबाईंनी पिशवीतून हळदकुंकू काढलं, घेऊनच आल्या होत्या!
मी सांगतेय, अहो, ह्या मुंग्या घरीही येतात, ओट्यापाशी उभी राहिले तरी येतात. तर सासूबाई म्हणतात, "मंग वट्ट्याखाली बी आसंल पाणी."

७ मे, अक्षय्य तृतीया
बोअर मारला. दुपारपर्यंत नुसता पांढरा फुफाटा. हे माझ्याकडे बघेनात. मी मनात म्हणत होते, कोरडा जाऊ दे, एकदाची सुटका होईल. मग फुफाटा थांबला, चिखल उडायला लागला आणि पाणी. ह्या दुष्काळाच्या वर्षी, ह्या मे महिन्यात. लोक ओरडले, कोणी शिट्ट्या मारल्या, सासूबाई रडल्या. भाऊजी सगळ्यांसमोर माझ्या पाया पडले.
खोटं कशाला लिहू, छाती फुगली.
पाणी पायावरून वाहत होतं. जो तो म्हणतोय, केवढं गार, केवढं गार. उजव्या पायाला लागलं गार. डाव्याला नाही. त्या गलक्यात हे सांगणार कोणाला.

१५ मे, बुधवार
रांग लागलीय. उसणवाले वेगळे आणि प्लॉटवाले वेगळे. चिकलठाण्याचा एक बिल्डर गाडी घेऊन आला, साडी आणि नारळ. साडी परत केली. तो म्हणाला, ताई, नुसतं एक चक्कर मारा. मारली. एसी गाडीत बसून गेले आणि येताना मागच्या सीटवर आडवी झाले. मुंग्या कुठं आल्या विचारतात. सगळीकडेच येतात, कुठं म्हणून सांगू? एका जागी बोट दाखवलं आणि मोकळी झाले.
भाऊजींना आज स्पष्ट सांगितलं, हा आजार आहे. भाऊजी शांतपणे म्हणाले, "आजार आसता तर पाणी लागलं आसतं का, वहिनी?"
डॉक्टर म्हणतात काहीच नाही. घरचे म्हणतात देवाचं देणं. मधे मी आणि माझा पाय. भांडं आपटलं, त्याला पोचा पडला. त्यानंही बरं वाटलं नाही.

२४ मे, शुक्रवार
इस्त्री पायावर टेकली होती. वास पूजाला आला, मला नाही. पोरगी किंचाळली तेव्हा बघितलं, कातडी उलली होती.
आणि दुसरं. लिहायलाही लाज वाटते. दोन दिवस झाले, लघवी झालेली कळत नाही. साडी ओली लागली की कळतं. कोणाला सांगितलं नाही. खुर्चीवर प्लॅस्टिक घातलं, ह्यांनी विचारलं तर म्हटलं उन्हानं गादी तापते.
मला भीती वाटतेय.

३१ मे, शुक्रवार
पूजा तिच्या मैत्रिणीकडून पत्ता काढून मला घेऊन गेली. लहानसा दवाखाना, डॉक्टर बाई पोरसवदाच. म्हणाली, चप्पल काढून पाय वर घ्या. दोन डॉक्टर झाले, एकानंही चप्पलसुद्धा काढायला सांगितली नव्हती. डोळे मिटायला लावले. "मी बोटाला हात लावला की सांगा." मी वाट बघत राहिले. शेवटी म्हटलं, लावा ना. तर म्हणाली, "केव्हाची लावतेय." पूजा शेजारी मुसमुसायला लागली.
मग पूजाला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, लघवीचं काही? मी रडले, चांगली हुंदके देऊन. कोणीतरी विचारलं म्हणून.
मणक्यातली गादी सरकलीय, शिरा दाबल्यात. मोठ्या दवाखान्यात फोन केला, लगेच दाखल व्हा, ऑपरेशन. "पाय परत येईल?" "ते आत्ता नाही सांगू शकत. थांबलात तर जे आहे तेही जाईल."
येताना रिक्षात मला हसू येत होतं. आजार आहे म्हणून एवढा आनंद झालेली बाई पूजानं पहिल्यांदा बघितली असेल.

१ जून, शनिवार
रात्रीच जायचं होतं, नाही गेलो. घरात पंचायत बसली. भाऊजी म्हणाले, "पाठीला सुरी लागली की पायातलं जाईल. दोन प्लॉटचा शब्द दिलाय, तेवढं करा, मंग बघू." ह्यांना विचारलं, तुमचं काय? हे म्हणाले, "आठ दिवसानं बघू, एवढी काय घाई." मी त्या बिल्डरचं काय झालं विचारलं. कोरडा गेला म्हणे, पण ते त्यानं मशीन हलकं लावलं म्हणून. म्हणजे पाणी लागलं तर माझा पाय, नाही लागलं तर मशीन. सासूबाई भिंतीला टेकून, तोंडाला पदर.
लघवीचं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दिरासमोर. दोघंही उठून बाहेर गेले.
पिशवी भरली. पूजाला म्हटलं, शेखभाईंना विचार रिक्षा आहे का.

२ जून, रविवार
कालपासून दवाखान्यात. कुशीवर वळून लिहितेय. ऑपरेशन आज संध्याकाळी. सही ह्यांची पाहिजे म्हणतात, नाही आले तर माझी आणि पूजाची चालेल. फोनवर "येतो" म्हणाले. भाऊजींचा फोन उचलला नाही.
दुपारी सासूबाई आल्या, एकट्या, दोन रिक्षा बदलून. मला उपाशी ठेवलंय तर डबा पूजाला दिला. कॉटवर माझ्या पायाशी बसल्या. मी पाय आखडायला गेले, मोठ्या माणसाकडे पाय कसे करायचे. त्यांनी धरून ओढला. डावा. अंगठा दाबला.
"कळतं का?"
"नाय, आत्याबाई."
"आन् हितं?"
"नाय."
एवढ्या लोकांनी हा पाय पाठीला लावून घेतला, सासूबाईंनीच ती माणसं आणली. करंगळी झाली, तळवा झाला, टाच झाली. चिमटे घेत घेत वर येत होत्या, डोळ्यांतून धार. घोट्याच्या वर आल्या.
"हितं?"
"जरासं."
हात तिथंच ठेवून बसल्यात. पाच वाजत आले. हे अजून आलेले नाहीत.