आत्याच्या हाकेचं रिमिक्स

बाही, ४ जून

चि. लामेकी यास,
पेरिसी आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. यापुढे मी तुला पत्रच लिहिणार. फोन पिठाच्या डब्यात घालून वर झाकण लावलंय, कारण त्यात बोललेलं कुठे जाऊन पोचेल याचा भरवसा राहिला नाही. गेल्या महिन्यात मी तुला निरोप बोलत होते. लग्नाचं कधी मनावर घेणार, एवढंच विचारत होते. मध्येच शेळ्या शेजारणीच्या बाजरीत शिरल्या, म्हणून त्यांना हाक मारली. ती हाक तू उचललीस, तिच्याखाली ढोल बडवलेस आणि जगभर सोडून दिलीस.

परवा सिंगिडाची बस आमच्या वळणावर थांबली. आतून माझाच आवाज येत होता, पण अंगावर कुत्रं आल्यासारखा पळत. माझ्या अकराही शेळ्या बसमागे धावल्या आणि त्यांच्यामागे मी. ड्रायव्हरला वाटलं मला डोडोमाला जायचंय. त्या भल्या माणसाने थांबून दार उघडलं, तर माझ्याआधी तीन शेळ्या चढल्या.

ते गाणं आजच्या आज पुसून टाक. वेळेवर जेवत जा.

रागावलेली, तरी तुझीच,
आत्या

*

मांझेसे, दार एस सलाम, ११ जून

ती. आत्यास,
लामेकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बसच्या क्लीनरने आणून दिलं आणि जाता जाता तुझी हाकही मारून दाखवली. बरी मारतो.

आत्या, मी माझ्याकडचं काढलं, पण त्याचा उपयोग नाही. मी लोकांच्या गाण्यांना पळते ढोल लावून त्यांची सिंगेली करतो, ती कायम फुकटच वाटतो, कारण गाणी माझी नसतात. ज्याला आवडलं त्याने घेतलं, मित्राला दिलं, मित्राने त्यात आपली भर घातली. म्वांझाच्या एकाने तुझ्या हाकेखाली सरोवरातल्या होड्यांची इंजिनं लावली आहेत. झांझिबारच्या एकाने व्हायोलिन घालून तिचं विरहगीत केलं. ते ऐकून आमची घरमालकीण डोळे पुसत होती. मोरोगोरोला चर्चच्या मंडळींनी ती चार आवाजांत बसवलीय. हरवलेल्या मेंढराला प्रभू बोलावतोय, असा त्यांचा समज आहे. तू तो मोडू नकोस.

एवढे चाहते तर आमच्या भागाच्या आमदारालाही नाहीत. तुला फारच त्रास होत असेल तर शेळ्यांपुरती हाक बदलून बघ.

तुझ्या रागाला पात्र,
लामेकी

*

बाही, ३० जून

चि. लामेकी यास,
आशीर्वाद. आज थोडे कमी.

तुझ्या सल्ल्याने हाक बदलली. शेळ्यांनी ती मनावर घेतली नाही. म्हणून परत जुनी मारली, तर तिलाही येईनात. मी दारात उभी राहून ओरडते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत बसतात, ढोल कधी सुरू होतात म्हणून. त्यांच्या आज्या-पणज्या मी याच आवाजावर घरी आणल्या. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण खरं संकट शनिवारी आलं. शेजारच्या डमारीच्या मुलीची पाठवणी होती. मांडव, खुर्च्यांना फिती, मधोमध अख्खा भाजलेला बोकड केकसारखा सजवून, तोंडात पाला खोचून उभा केलेला. सूत्रसंचालकाने अहेर आणायला सांगितलं आणि गाणं लावलं. कोणतं, ते तुला सांगायला नको. बायका पातेली-चादरी डोक्यावर घेऊन रांगेत नाचत निघाल्या, आणि त्यांच्यामागोमाग कुंपणातून माझ्या अकरा शेळ्या. त्यासुद्धा रांगेत. शेवटी काठी घेऊन धापा टाकत मी.

सूत्रसंचालकाने माईकवर जाहीर केलं की पेरिसी आत्यांसारखा अहेर या गावात आजवर कोणी आणला नाही. बायकांनी किलकाऱ्या मारल्या. कोणीतरी मला कमरेला धरून रांगेत ओढलं. मी काय करणार? नाचले. मोठ्या शेळीने जाता जाता भाजलेल्या बोकडाच्या तोंडातला पाला खाल्ला, आणि नवऱ्याकडची माणसं डोळ्यांत पाणी आणून टाळ्या वाजवत राहिली.

नवरीबरोबर शेळ्याही ट्रकमधून तिच्या सासरी मान्योनीला गेल्या. दिलेला अहेर कोणत्या तोंडाने परत मागू? गोठा रिकामा आहे. मी दिवसभर अंगण झाडते.

आत्या

*

मांझेसे, ७ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना आधी हसलो, मग गोठ्याच्या ओळीपाशी आलो आणि लाज वाटली. माझ्याकडे एक उपाय आहे. मित्राच्या मोटारसायकलवर स्पीकर बांधतो, मान्योनीला त्या घरावरून गाणं लावून जातो. शेळ्या आपणहून मागे येतील. मी चोरल्या असं कोणाला म्हणता येणार नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. तुझा तो निरोप आला तेव्हा मी मलेरियाने खोलीत पडलो होतो. तुला कळवलं नाही. मक्याच्या पिठाची उगाली करून द्यायलाही कोणी नव्हतं. तुझी हाक तेवढी कापून घेतली आणि चार दिवस तीच ऐकत होतो. ढोल नंतर घातले, शेजाऱ्यांना मी रडतोय असं वाटू नये म्हणून.

क्षमा मागणारा,
लामेकी

*

बाही, १९ जुलै

चि. लामेकी यास,
अनेकोत्तम आशीर्वाद.

मोटारसायकल मित्राला परत दे. आपल्या घराण्यात शेळीचोर झाला नाही, तो तुझ्यापासून सुरू नको.

मान्योनीहून नवरीच्या सासूचंच बोलावणं आलं. शेळ्या सूर्यफुलं खातात, गाणं लावल्याशिवाय परतत नाहीत आणि शेतावर वीज नसल्याने फोन दुपारीच मरतो. तुम्ही येऊन काहीतरी करा, असा निरोप होता. मी गेले. शेळ्या कुंपणाशी होत्या. मी जीव खाऊन हाक मारली. तीन घरांतली माणसं कंबर हलवत धावत आली. शेळ्यांनी मान वर केली नाही.

लामेकी, आता आपण यांच्या कोणी नाही, असं वाटलं. तेवढ्यात थोरलीने माझ्या डोळ्यांदेखत सासूबाईंच्या सूर्यफुलात तोंड घातलं, आणि हाकेनंतर माझ्या तोंडून जे येतं ते आलं. तू गाण्यातून कापलंस ते. लाजेने कापलं असशील. अकराही माना एकदम वर झाल्या. थोरली येऊन माझ्या गुडघ्याला डोकं घासत उभी राहिली, बाकीच्या तिच्यामागे. मी सगळ्यांसमोर रडले.

सासूबाई म्हणाल्या, "न्या तुमच्या पोरी. आम्ही नुसतं गाणं लावत होतो."

एक कोवळी पाट, न व्यालेली शेळी, मी नवरीसाठी ठेवली, अहेर तो अहेर. दहा घरी आणल्या.

राहिला तुझा मलेरिया. चार दिवस तापात पडलास आणि मला कळवलं नाहीस. शेळ्यांना ऐकवलं ते सगळं तुलाही ऐकवायचं आहे, पण ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मिळेल त्या बसने ये आणि माझ्यासमोर उभा राहा.

वाट बघणारी,
पेरिसी आत्या