आत्या, तू आणि तुझ्या भिंतीचे तडे

ती. आत्यास,

तुझ्या भाच्याचा खुर्चीत बसूनच नमस्कार (पाठ धरली आहे, आशीर्वाद जरा खाली टाक). गुडघे कसे आहेत? आधी बातमी ऐक: आपण जिंकलो! तुमच्या इमारतीच्या तड्यांचा माझा अहवाल मंजूर झाला, दुरुस्ती होणार. शुक्रवारच्या दुरुस्ती समितीच्या बैठकीला तो पोचला नसता, तर प्रकरण पुढच्या वर्षावर गेलं असतं आणि तू आणखी वर्षभर त्या छताखाली जीव मुठीत धरून झोपली असतीस.

पण पोचवताना माझ्या नाकी नऊ आले. अहवालात फोटोच फोटो. एक अक्षर टाइप करावं, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटायचं. एक फोटो जरा सरकवला की बाकीचे घाबरून पुढच्या पानावर पळायचे (तुझ्या ओट्यामागचा तडा दोनदा पाण्याच्या टाकीत सापडला). साहेबांनी फाइल उघडली तर त्यांचा कॉम्प्युटरच बसला आणि साहेब माझ्यावर उठले. मग मी फोटोंच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसतील अशी सोय शोधून काढली. फाइल पळायला लागली, तेवढ्यात साहेब मागे येऊन किंचाळले, "तडे कुठे गेले? बिल्डरनं तडे बुजवले की तुमचं तोंड?" झालं, चौकोन काढावे लागले.

फाइल इतकी जड का झाली, त्याचं खरं कारण सांगतो, रागावू नकोस. कारण तू! मी फोटो काढत होतो तेव्हा तू नटूनथटून प्रत्येक तड्याशेजारी बोट दाखवत उभी राहिलीस (माणसाशिवाय कसला आलाय फोटो, हे तुझंच म्हणणं). ऑफिसात मी तुला एकेका फोटोतून कापलं, तरी फाइल तसूभर हलकी होईना. शेवटी उलगडा झाला की कापलेला भाग जात नाही, फोटोआड दडून बसतो. म्हणजे तू अहवालभर ठाण मांडून होतीस आणि साहेबांचा कॉम्प्युटर बिचारा तुला उचलत होता! कापलेले भाग कायमचे काढून टाकले, फोटोंचं वजन उतरवलं, आणि फाइल अशी सुटली की विचारू नकोस. साहेब पानं उलटताना चक्क हसले. मी ऑफिसभर छाती काढून फिरलो.

एका फोटोत मात्र तुला ठेवलं. ओट्यामागचा तडा केवढा आहे ते तू शेजारी असल्यामुळेच कळत होतं. बैठकीत सगळे तुझ्या बोटाच्या दिशेनं वर बघत राहिले. तडा तुझ्या डोक्यावरून थेट छतात गेलेला. 'बाई उगाच घाबरते' म्हणणाऱ्यांनीच अहवाल पुढे सरकवला, आणि अध्यक्षांनी सही केली. आत्या, मला तुझा फार अभिमान वाटला.

तुझा लाडका (हे मीच ठरवलंय),
बारक्या

ता. क. दुरुस्तीसाठी इमारत लगेच रिकामी करायची आहे. काम संपेपर्यंत तू आमच्याकडे राहायचंस. मी काही एक ऐकणार नाही.

ता. क. २. हे अजून तुझ्या भाचेसुनेला सांगितलेलं नाही. साहेबांना पुरून उरलो, पण घरात तोंड उघडत नाही. तेवढा फोन तूच कर ना.

ता. क. ३. यायचं तुला आपणहून सुचलं, असं सांग. मी तिच्यासमोर थोडे आढेवेढे घेईन, ते मनावर घेऊ नकोस. तुझी खोली आवरून झाली आहे. हिला वाटतंय, मी सुधारलो.