जरा तातडीचा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून शिस्त. आमच्या ऑफिसच्या मेसेज ॲपमध्ये तातडी दाखवायला जो तो मनाला येईल तो आकडा टाकतो. मंजप्पाने तर एकदा सात टाकला. मी जावा प्रोग्रॅममध्ये एनम केला. म्हणजे नावांची ठरलेली यादी, तिच्याबाहेरचं काही चालणार नाही. सवडीचा, नेहमीचा, तातडीचा. घंटा फक्त तातडीच्याला. विषय संपला.

हेमलता काल हासनला माहेरी गेली. विश्रांतीसाठी. भांडण असं नाही. ॲप तिच्याही फोनवर घातलंय, तेवढीच चाचणी.

५ फेब्रुवारी
भार्गवीचं म्हणणं, डेटाबेसमध्ये नाव साठवा, यादीतला क्रमांक नको. उद्या मध्येच एखादं नाव घुसलं तर पुढचे सगळे सरकतील. मी म्हटलं, माझ्या यादीत कोणी घुसत नसतं. पोरीला नोकरीला लागून दीड वर्ष झालंय.

हेमाला उद्या फोन. नक्की.

६ फेब्रुवारी
नंजुंडस्वामी साहेबांना 'जरा तातडीचा' हवाय. घुसवला, तातडीच्या अलीकडे. फोन राहिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
शांत दिवस. घंटा एकदाही वाजली नाही. यालाच नियोजन म्हणतात.

१० फेब्रुवारी, सोमवार
तक्रारी. ज्यांच्या फोनवर जुनं ॲप आहे त्यांचा तिसऱ्या क्रमांकाचा 'तातडीचा' आपल्याकडे 'जरा तातडीचा' म्हणून उतरतो. घंटा नाही. भार्गवीने जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केलं. मला एका शब्दाने बोलली नाही. साहेबांना सांगितलं, आम्ही शोधून काढलं.

हेमाचा शुक्रवारचा मेसेजही त्यातलाच. "रविवारी न्यायला या. नाही आलात तर सोमवारपासून मी इथल्या शाळेत रुजू होते." म्हणजे दोष तांत्रिक आहे. हायसं वाटलं. उद्या समजावतो. ती समजूतदार आहे.

११ फेब्रुवारी
तिची शाळा सुटल्यावर फोन केला. एनम, क्रमांक, सरकणं, सगळं नीट सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "अहो, घंटा वाजली नसेल. पण तुम्ही वाचल्याची खूण मला शुक्रवारी दुपारीच आली."

आली असेल. चित्रान्न खाताना वाचला होता. वर 'जरा तातडीचा' असं होतं, म्हणून म्हटलं सोमवारी बघू.

बरं, म्हणालो. तीही बरं म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं. अजून वाटलेलं नाही.