नॉमिनीचा रकाना

पप्पा, कारखान्यात एक फॉर्म भरून द्यायचाय आणि मी चार दिवसांपासून त्यातच अडकलोय. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून हसला असता. जन्मभर पोस्टात तुम्ही लोकांचे फॉर्म भरले, विम्याचे, बचतीचे, पेन्शनचे, आणि तुमच्या पोराला एक पान भरता येईना. पीएफचा फॉर्म आहे. मी आता एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कायम झालो, म्हणजे काट्यावर बसतो आणि गाड्यांचं वजन लिहितो. बी.कॉम. अर्ध्यात सोडलेल्याला आणखी काय मिळणार. माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तुमच्या नावाआधी कालकथित लिहिताना पेन थोडा थांबला, पण तेही लिहिलं. मग आला नॉमिनीचा रकाना. नाव, नातं, जन्मतारीख. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "अरे टाक ना घरातलं कोणाचंबी. एवढा काय इचार करून राह्यला? सोमवारी पायजे मला." घरातलं कोण? मस्तगडच्या आपल्या दोन खोल्यांत मी आहे आणि तुमची स्कूटर आहे. नातं विचारलं तर स्कूटरचं काय लिहू?

मला धावडा गावातली ती दुपार आठवते. तुम्ही रिटायर झालेले, पण माणसं तुम्हाला सोडत नव्हती. गुडघ्यामुळं तुम्हाला स्कूटर झेपायची नाही, म्हणून कॉलेज बुडवून मी चालवायचो, म्हणजे कॉलेज बुडवायला मला ते कारण बरं पडायचं. शिलाईवाल्या चाचांकडं आपण त्यांच्या विम्याचा फॉर्म भरायला गेल्तो. चाचा मशीनवरून उठले पण नाहीत. म्हणाले, "साहब, आप तो सब जानते. लिख डालो, मैं सही करता." तुम्ही पेनाला टोपण लावलं. "भाभींना बोलवा."

"वो क्या करेगी आके?"

"नाव त्यांचं लिहायचंय. त्यांनाच इचारतो."

चाची आल्या, हाताला पीठ लागलेलं, दारातच उभ्या राहिल्या. तुम्ही स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. जन्मतारीख विचारली तर त्या हसायलाच लागल्या. चाचांना विचारलं, तर ते मशीनखाली सुई शोधायला लागले. मग तुम्ही सुरू केलं, कोणत्या सणाच्या मागंपुढं, थंडी होती की ऊन, थोरला भाऊ केवढा होता. अर्धा तास! मी बाहेर स्कूटरवर बसून मोबाइलमध्ये, जिच्यावर माझा जीव होता तिच्या मेसेजची वाट बघतोय आणि आतून तुमचं ते हळू बोलणं ऐकू येतंय, चाचा गेले तर हे कोणाच्या हातात येणार, कुठं जायचं, कोणता कागद न्यायचा. एकाएकी चाचींचा आवाज चढला. "इतने साल हो गये, मेरे कू बोले क्यों नै?" आणि चाचा म्हणतात, "अब बोल रा ना, जल्दी क्या है, मैं अभी मर रा क्या?" सगळे हसले. परतताना मी तणतणत होतो की एका तारखेसाठी दुपार घालवली. तुम्ही मागून म्हणाला, "तारीख मला ठाऊक होती. मागच्या साली त्यांच्या आधारची झेरॉक्स मीच काढून आणल्ती."

"मंग इचारलं कशाला?"

"न इचारता त्यानं तिला बोलावलं असतं का?" एवढंच. टेंभुर्णीला ताईच्या दारात उतरलो, तेव्हा तिनं आधी तुमचा गुडघा बघितला आणि मग माझ्या पाठीत धपाटा घातला, कॉलेज बुडवलं म्हणून.

त्याच वर्षी तुम्ही माझं पहिलं बचतीचं खातं उघडायला फॉर्म आणला. ती भेट होती तुमची, मला तेव्हा कळलं नाही, मला गाडी पाहिजे होती. तुम्ही आत भाकरी थापत होता. आई गेल्यापासून चूल तुमच्याकडंच होती आणि तुमची भाकरी ताईपेक्षा गोल व्हायची, हे ताईला कधीच मान्य नव्हतं. मी ऐटीत फॉर्म भरला आणि नॉमिनीत त्या मेसेजवालीचं नाव लिहिलं. शाईनं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, होणारी बायको. तुम्ही पिठाच्या बोटांनी कागद कडेला धरून वाचला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तिला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं?"

"राजे, होणारी हे काई नातं न्हाई. आन् जिचं नाव लिहिलं तिलाच ठाऊक न्हाई, तर ते नाव तरी कशाचं?"

माझं डोकं फिरलं. खरं म्हणजे मला राग याचा आला की तुम्ही बरोबर होता, मी तिला विचारायला घाबरत होतो. मी फॉर्म टराटरा फाडला आणि म्हणालो, तुम्ही जिंदगीभर लोकांच्या मरणाचे कागद भरले, तुम्हाला प्रेमातलं काय कळणार. तुम्ही तव्याकडं वळला. "भाकरी करपायली," म्हणाला, आणि उलटली. माझ्या ताटात ती करपलेली आली नाही, ती तुम्ही खाल्ली. आठ दिवसांत मी औरंगाबादला गेलो. ती तिथं शिकायला होती. मी मोबाइलच्या दुकानात लागलो आणि कॉलेज तसंच राहून गेलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. तुम्ही गेला त्या सकाळी मी तिच्या होस्टेलच्या गेटपुढं उभा होतो. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, येऊ नको, म्हणून मी गेलो होतो, असा माझा स्वभाव. ताईचा फोन येत होता. मला वाटलं परीक्षा बुडवल्यावरून झापणार, म्हणून मी कट करत राहिलो. सहा वेळा. सातवा फोन शेजाऱ्याचा होता. तुमच्या पुण्यानुमोदनाला धावड्याचे चाचा-चाची आले होते, चाची ताईला धरून बसल्या होत्या. एकेक माणूस उठून तुमच्याविषयी बोलत होता आणि मी कोपऱ्यात आतल्या आत पेटत होतो, कारण त्यांच्याजवळ सांगायला काहीतरी होतं. जेवणं झाल्यावर ताई म्हणाली, "सहा येळा फोन केला रे तुला." आवाज रागाचा पण नव्हता. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुझी बोलणी खायला उचलायचा का?" ताई म्हणाली, "बरं. आता न्हाई करणार." ताई कशी आहे तुम्हाला माहीत आहे. सात वर्षं झाली, तिनं केला नाही. टेंभुर्णी स्कूटरवर किती लांब आहे, पप्पा? मी रोज त्या फाट्यावरून कामाला जातो.

त्या पोरीचं लग्न झालं. तिला मी शेवटपर्यंत विचारलं नाहीच, तिनंच आधी नाही म्हणून टाकलं. तिची जन्मतारीख मला आजही झोपेतून उठवून विचारा, वार पण सांगतो. गुरुवारी फॉर्म समोर घेतला तेव्हा हातानं आपसूक तीच लिहायला घेतली होती. ताईची आठवेना. जिनं मला न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं, तिचा वाढदिवस मला ठाऊक नाही. तो तुम्ही लक्षात ठेवायचा, सकाळी तुम्हीच म्हणायचा, जा, ताईला फोन लाव.

आज रविवार आहे. खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, मी सकाळपासून कोणाशी एक शब्द बोललेलो नाही. ऑफिसात फॉर्म द्यायचाय, हे सांगायला पण कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो. हे पत्र टाकायला पेटी नाही, तुमच्या काळ्या डायरीत ठेवून देईन.

एक सांगायचं राहिलं. ती डायरी मी गुरुवारीच उघडली होती. गावोगावच्या माणसांच्या जन्मतारखा आहेत तिच्यात, आणि पहिल्या पानावर आईच्या खाली, माझ्या वर, ताईची आहे. तुमच्याच अक्षरात. मी ती बघितली, आता पाठ झाली. तरी फॉर्मवर लिहिली नाही. रकान्यात पेन्सिलीनं ताईचं नाव लिहिलंय, नातं लिहिलंय, तारीख मोकळी ठेवलीय. चार वाजलेत, ताई विहारातून घरी आली असेल. आता फोन लावतो. उचलला तर म्हणणार आहे, ताई, तुझी जन्मतारीख सांग ना, मला ठाऊक नाही.