चुलीपर्यंतची दोरी

देऊळघाट,
पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी

प्रिय गोदावरी,

बघ, तुझं नाव लिहिलं! इतक्या वर्षांत कधी तोंडाने घेतलं नाही. 'अवं', 'ऐकलं का', फार तर 'मंदाची माय'. महाराष्ट्र झाला त्या साली आपलं लग्न झालं, तेव्हा नाव घ्यायच्या वेळी एकदा घेतलं असेल, तेवढंच. आता हाक मारून उपयोग नाही, म्हणून लिहून पाहतोय.

लिहायला कारणही आहे. काल मोताळ्याहून दादा आला होता, आमच्या मायला न्यायला. आणि एकटाच परत गेला! हे कुणाला तरी सांगावं असं कालपासून सारखं वाटतंय. मंदा तिच्या सासरी, धाड गावाला. गावात कुणाला सांगावं तर 'बरं झालं' म्हणतात आणि तंबाखू मळायला लागतात. तू असतीस तर हातातलं काम टाकून 'मंग? मंग काय झालं?' करत बसली असतीस.

म्हणून तुलाच सांगतो.

तू गेलीस आणि तेराव्याच्या आधी भावकीतल्या बायांनी घर सारवून काढलं. तुझी गोधडी, लुगडी बाहेर निघाली. तेव्हा त्यांतल्या काकूला मायची दोरी दिसली. मायचे डोळे गेल्यावर तू तिच्या बाजेपासून न्हाणीपर्यंत खुंट्यांना कासरा बांधला होतास ना, तोच. उंबरा आला हे हाताला कळावं म्हणून त्याला तुझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्यास. काकू म्हणाली, "मेल्या माणसाचं लुगडं घरात बांधून ठेवते का कोणी? सोडा ते!" झालं. कासरा चिंध्यांसकट तुझ्या अंथरुणाबरोबर गेला. मी डोकं भादरून दारात बसलो होतो. माझ्यासमोरून नेला, तरी मला दिसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माय बाजेवरून उठेना. जेवण बाजेवर, सगळंच बाजेवर. न्हाणीत न्यायचं तर काकूला बोलवायचं, आणि काकू येईपर्यंत मायने भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. सगळे म्हणाले, सुनेच्या दुःखाने खचली. दादा म्हणाला, "तू दिवसभर वावरात. इच्याकडे पाहीन कोन? एक महिना माह्याकडे, एक महिना तुह्याकडे. पोळ्याच्या आधी येतो, घेऊन जातो." असंच करतात की सगळीकडे! भावाभावांत म्हाताऱ्या माणसाच्या पाळ्या लागतात. पण डोळे नसलेल्या माणसाने महिन्या-महिन्याला नवं घर कसं शिकायचं? मायने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी 'हाव' म्हणालो. तू नव्हतीस ना मला कोपर मारायला.

मग एक दिवस पाहिलं, सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच. आदल्या दिवशीही तसाच होता.

"पानी काऊन पीत नाही वं माय?"

"पेलं की उठा लागते."

"मंग उठ ना."

"कशी उठू? माही दोरी कुठी हाय?"

गोदा, पाय धड असलेली बाई तहान मारत बसली होती, आणि आम्ही तिला दुःख झालं, दुःख झालं म्हणत होतो!

लोक म्हाताऱ्यांना सांभाळतात म्हणजे काय करतात? बसवून ठेवतात. 'उठू नको, पडशील, हातात देतो ना आम्ही.' प्रेमानेच म्हणतात, खोटं नाही. पण त्यानेच माणूस बाजेला चिकटतं. तू तिला शेंगा फोडायला दिल्यास, वाती वळायला दिल्यास, भांडलीससुद्धा. दोघींचं भांडण ऐकून मी गोठ्यात पळायचो. आता कळतं, ज्याच्याशी कुणी भांडतही नाही ते माणूस फार एकटं असतं.

पोळ्यासाठी नवा कासरा आणला होता. तो बैलाआधी भिंतीला लागला. तू पहिल्यांदा मागितलास तेव्हा मी म्हणालो होतो, घरात काय गोऱ्हा बांधतं? आठवतं? आता मीच खुंट्या ठोकत होतो. मायने हात लावला आणि म्हणाली, "उंटाले बांधली का रे?" मी आपल्या उंचीने बांधली होती! मग तिला उभी करून, तिच्या हाताच्या उंचीवर खाली घेतली. तू हे सगळं मोजून केलं होतंस, आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

चिंध्या हव्या होत्या. पेटीत तुझं हिरवं लुगडं होतं, मंदाने ठेवून घेतलेलं. तेच फाडलं. फाडताना फार जिवावर आलं.

काल दादा आला. "चाल माय, यष्टी निघून जाईन." माय बाजेवरून उतरली, दोरी धरून न्हाणीजवळच्या रांजणापर्यंत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. अर्धं पाणी सांडलं. "घे, उनातून आला." दादा पाणी प्याला. रिकामा तांब्या बराच वेळ हातात धरून बसला. मग म्हणाला, "राहू दे तिले अठीच. दिवाळीले पाहू." दिवाळीचं दिवाळीला!

मला वाटलं, जिंकलो. तर संध्याकाळी माय म्हणते, "एक दोरी राह्यली रे."

"आता कोनती?"

"चुलीची. दिवे लागले की गोदी भाकरी थापे, अन् आमी बोलत बसू."

या दोरीचा मला पत्ताच नव्हता. दिवे लागायच्या वेळी मी पारावर असायचो. म्हणजे रोज संध्याकाळी माझ्याच घरात तुम्ही दोघी गप्पा मारत होतात, आणि मी गावभर!

तीही बांधली. माय आली, चुलीपाशी टेकली. मी भाकरी थापत होतो (कशी झाली ते विचारू नकोस). ती वाट पाहत होती. शेवटी म्हणाली, "बोल ना काही." मी वांग्यांचं सांगितलं. बैलाच्या खुराचं सांगितलं. संपलं! लाकडं तेवढी वाजत राहिली.

एवढं काय बोलत होतात गं तुम्ही? दोरीचं मायने सांगितलं. हे कोण सांगेल? तेवढं तरी सांगून जायचं होतंस.

दोरी ढिली पडू देणार नाही. चिंध्या विटल्या तर त्याच लुगड्याच्या नव्या बांधीन, काकू काय म्हणायचं ते म्हणो. आणि दिवे लागले की पारावर जाणार नाही. चुलीपाशी बसेन, मायने 'बोल' म्हटलं की बोलेन. दुसरं काही सुचलं नाही तर तुझंच बोलेन. आजपासून तुझं नाव घेऊन.

तूही माझं नाव कधी घेतलं नाहीस, म्हणून इथे लिहीत नाही.

तुझा,
मंदाचा बाप